दहाव्याचा काकाकुवा

सासऱ्यांच्या दहाव्याला काकाकुवा नदीवर न्यायचं माझ्या नियोजनात अजिबात नव्हतं. पण घरी एकटा राहिला की तो गॅसच्या शेगडीची बटणं काढून ठेवायचा. कुठल्याशा लांबच्या बेटांवरच्या जंगलातला हा पांढराशुभ्र पक्षी, कबुतराहून थोडा मोठा. धाकट्या दिरानं हौसेनं आणला आणि सासऱ्यांच्या गळ्यात घातला. शेवटी दर्भ, तीळ, पत्रावळी यांच्यासोबत पिंजराही जीपमध्ये ठेवला आणि चिखलीहून निघालो.

पैनगंगेच्या काठी पिंड मांडला. कावळे बाभळीवर बसून राहिले. ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय सासूबाई तोंडात काही घालणार नव्हत्या, आणि त्यांना शुगर. सकाळची गोळी उपाशीपोटी घेतलेली, हात थरथरायला लागलेले. माझं सगळं लक्ष त्या हातांकडे.

"बाबा, आईले मी सांभाळतो," नवरा म्हणाला. कावळे ढिम्म.

"बाबा, वावराची वाटणी मागत नाही!" दीर ओरडला. एक कावळा उडाला, तो उलट्या दिशेनं.

"दर्भाचा कावळा करून शिववू या का?" मी विचारलं. अडचणीच्या वेळी तशी सोय असते.

"गवताचा?" सासूबाई कडाडल्या. "जन्मभर त्याइनं मले फसवलं नाही. आता मी त्याइले गवतानं फसवू काऊन?"

तेवढ्यात काकाकुवानं पिंजऱ्याची कडी काढली, डुलत डुलत पिंडापाशी गेला आणि भात खाऊ लागला. कोणालाच हाकलायचं सुचलं नाही. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींना दुपारी दुसरीकडे पोचायचं होतं.

"पक्षीच आहे ना," ते म्हणाले.

"पण हा पांढरा हाय," दीर म्हणाला. "वावराचं मी कावळ्याले बोललो होतो."

"चूप बस बे!" सासूबाईंनी काकाकुवाला हात जोडले. "पाह्य, कसे तीळ बाजूले काढून खाऊन राह्यले. घरीबी असंच करत."

मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खाल्ला, दुसरा मागितला. हातांची थरथर हळूहळू थांबली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्याइले पाणी दे वो. ठसका लागन."

मी पेला भरला, सवयीनं डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घालून त्याच्यापुढे ठेवला.