ईनस नावाड्याचं मत

मार्चच्या पुरात ईनस पेडिकॉर्डची नाव उलटली आणि विधानसभेतली एक जागा रिकामी झाली. आमदार लेम्युएल गॅरर्डना राजधानीला, रिचमंडला पोचायची घाई होती. "आज नको," असं ईनस म्हणाला होता खरा, पण चाचरत. मोठ्या माणसाला ठाम नकार द्यायची त्याला सवयच नव्हती. बुडताना गॅरर्डनी हाक मारली, "ईनस!" ईनस तेव्हा काठाकडे पोहत होता. तो मागं वळला नाही.

त्या हाकेबद्दल तो कुणाशी बोलला नाही. लोकांना काय, तो प्यायला होता असं ठरवून ते मोकळे झाले.

पोटनिवडणुकीला गॅरर्डचा मुलगा ऑरन उभा राहिला. आमच्या व्हर्जिनियात तेव्हा मत तोंडानं द्यायचं. शेरीफ विचारणार, मतदार सगळ्यांदेखत सांगणार आणि ज्याला मत मिळालं तो उमेदवार उठून त्याचे आभार मानणार. ईनसला तेवढंच हवं होतं. ऑरननं चारचौघांत आभार मानले, म्हणजे त्यानं माफ केलं. मग झोप तरी लागेल.

"नका जाऊ," बायको म्हणाली. "त्यानं तोंड फिरवलं तर?"

"फिरवू दे. निदान कळेल तरी."

मतदानाच्या दिवशी कचेरीच्या आवारात उमेदवारांची फुकटची रम वाहत होती. ईनस पुढं आला तशी कुजबुज थांबली. आज स्वारी शुद्धीवर दिसते, असा एकानं टोमणा मारला.

"ईनस पेडिकॉर्ड, मत कुणाला?" शेरीफनं विचारलं.

"लेम्युएल गॅरर्ड."

इतकी वर्षं जिभेला तेच वळण होतं. कुणी हसलं नाही.

शेरीफ हळू आवाजात म्हणाला, "ते गेले रे. जिवंत माणसाला मत दे."

"ऑरन गॅरर्डना," तो कसाबसा म्हणाला.

ऑरन उठला. त्याचे डोळे भरून आले होते, राग कुठंच नव्हता.

"ईनस," तो म्हणाला, "तुझे आभार."

आवाज हुबेहूब बापाचा. पोरानं मनापासून माफ केलं होतं, आणि ईनसला ऐकू आली ती पाण्यातली हाक.

ऑरन निवडून आला. लोक ईनसशी पुन्हा बोलू लागले, त्याच्या नावेतून जाऊ लागले. त्यानं मात्र पलीकडच्या काठावर खांबाला एक शिंग टांगून ठेवलं. पार जायचं असेल त्यानं ते फुंकायचं. पूर्वीसारखी कुणी "ईनस" म्हणून हाक मारली, तर तो नाव सोडत नसे.