मुन्नीबाईची परात

झाशी स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. दतिया गेटजवळ राहणाऱ्या सुधामावशीकडे दोन दिवस राहून पुण्याला परतायचं, एवढाच बेत होता. काका रेल्वेत होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण मला तेव्हा येता आलं नव्हतं.

मावशीनं कढी आणि बरे (ताकात भिजवलेले उडदाचे वडे) केले होते. मी आडवा हात मारला.

पाहुण्यानं गप्प बसावं, हे शहाणपण मला कधी सुचत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी भांडी विसळली आणि रिठ्याच्या मळक्या पाण्याची वाटीही मोरीत ओतली. त्या वाटीत मावशीनं नाकातली चमकी साफ करायला घातली होती. काकांनी पहिल्या पगारातून आणलेली.

"जाऊ दे रे, गलती झाली," ती म्हणाली. पण हात सारखा नाकाकडे जात होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजाऱ्यांनी मुन्नीबाईला बोलावलं. ती न्यारियांच्या (सोनारांच्या दुकानांतली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांच्या) घरातली. मोरीबाहेरच्या खड्ड्यातला गाळ तिनं उथळ परातीत घेतला, बोटभर पाणी घातलं आणि परात गोल फिरवू लागली. मी परातीच्या कडेवर डोळे लावून बसलो. जड वस्तू बाहेरच फेकली जाणार ना? पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस मी.

"भैया, किनारे का देख रए? भारी चीज तो बीच में बैठत."

खरंच की! कडेला पाणी धावत होतं, पण तळाशी परातीला घासून मंदावत होतं आणि आत वळत होतं. त्याच्याबरोबर रेती मधोमध गोळा होत होती. वर राहिलेला हलका चिखल मुन्नीबाई कडेवरून सोडून देई. पहिल्या परातीत काहीच नाही. दुसरीत एक टाचणी. मावशी उठून आत गेली. तिसऱ्या परातीतल्या काळ्या रेतीवर मुन्नीबाईनं बोट टेकवलं आणि शांतपणे हाक मारली, "जिज्जी, आ जाओ."

मावशीनं आरशाशिवाय चमकी घातली, मोरीजवळच्या पाटावर बसली आणि रडायला लागली.

"ते गेले तेव्हा घर भरलेलं होतं रे. सगळ्यांचं चहापाणी बघता बघता रडायचं राहूनच गेलं."

मी शेजारी बसून राहिलो. संध्याकाळची गाडी गेली, ती जाऊ दिली.

पुण्यात सगळे विचारतात, किल्ला पाहिलास का? नाही म्हटलं की हसतात. हसोत बापडे. मावशी रडली तेव्हा मी तिथे होतो, एवढं मला पुरे.