दुरुस्तीला भिंत लागते

मंडळी, बेलवलीच्या चावडीवरच्या फळ्यावर आज माझाच मूर्खपणा लिहितोय.

घराला मागे एक खोली वाढवायची, म्हणून आम्ही मागची मातीची भिंत पाडून टाकली. सिमेंट सरकारी परमिटावरच मिळतं आणि परमिट फक्त दुरुस्तीला, म्हणून अर्जात ‘भिंतीची दुरुस्ती’ लिहिलं होतं.

आज सकाळी परमिट देणारे साहेब पाहणीला आले.

“भिंत कुठाय?”

“पाडली, साहेब.”

“मग दुरुस्त काय करणार? हे नवीन बांधकाम झालं. त्याला परमिट नाही.”

अर्ज माझ्या हातात देऊन निघून गेले. आता मागे नुसतं गोणपाट आहे.

दुपारी आईने दरवर्षीच्या सवयीने भिंतीसाठी शेणमाती कालवली. भरल्या हातांनी गोणपाटापाशी उभी राहिली.

“लिंपू कुठं रे?”

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?