खंडेनवमीनंतरची दुसरी गोळी

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे आईवर एवढा कशाला ओरडलास, असं पुढे कुणी विचारायला नको. तेव्हा आम्ही चँडलरला राहायचो. मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, ग्रीन कार्डाला पाच वर्षं झालेली, सिटिझनशिपचा अर्ज गेलेला आणि इंटरव्ह्यू दिवाळीनंतर. नेमकी अशा वेळी मला दुर्बुद्धी सुचली, सेमी-ऑटोमॅटिक रायफल स्वतः जोडायची. ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडे होती आणि कायद्याने मलाही चालत होती. बायको म्हणाली, "अरे, तू जोडलेली ट्रेडमिल अजून करकरते, आणि आता हे?" मी ऐकतोय कसला!

गॅरेजमध्ये सुट्या भागांतून रायफल उभी राहिली. नवी बंदूक सुरुवातीला कुरकुर करतेच, लोखंडाला लोखंडाची सवय व्हावी लागते. पहिल्या रविवारी रेंजवर, म्हणजे गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर, ती दर चार-पाच गोळ्यांनी अडकली. रिकामं काडतूस बाहेर पडायचं सोडून मध्येच उभं राहायचं. घरी आणून पुसली, तेल घातलं, पुन्हा नेली. तिसऱ्या रविवारी साठ गोळ्या सलग सुटल्या आणि मी बायकोपुढे अशी कॉलर ताठ केली की विचारू नका.

मग खंडेनवमी आली. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. घरात हत्यार आहे आणि त्याची पूजा नाही, हे तिला काही पटेना. पाटावर स्क्रूड्रायव्हर, बायकोचा मिक्सर, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मधोमध रायफल. मी वर शहाणपणा केला. ती रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून तिचे दोन भाग सोडवून, आतली यंत्रणा वर करून, उघडीच ठेवली. सेफ्टी म्हणजे सेफ्टी! आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, ओल्या कुंकवातल्या अक्षता टाकल्या आणि हात जोडले. मी वरवर फडकं फिरवलं, रायफल जोडली आणि कपाटात कुलूपबंद केली.

पुढच्या रविवारी नेम धरला, ट्रिगर एकदाच ओढला, आणि धाड-धाड! दोन गोळ्या सुटल्या. दुसरी सुटली तेव्हा नळी वर उडालेली होती. शेजारच्या माणसाने आपली बंदूक खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

रेंजवर देखरेख करणारा पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता. तो शांतपणे चालत आला. "ट्रिगर कितीदा ओढलास?"

"एकदाच. देवाशपथ एकदाच."

त्याने रायफल रिकामी करायला लावली. मग जाड रजिस्टर काढून माझं नाव, रायफलचा नंबर आणि काय घडलं ते लिहिलं. शेवटचा रकाना मोकळा ठेवला. "दुरुस्त करून आण आणि कारण काय निघालं ते सांग. मुद्दाम केलेलं नाही, एवढं मला कळलं पाहिजे."

मुद्दाम! एका ट्रिगरला एकच गोळी, हा तिथला कायदा. दोन सुटल्या तर ती मशीनगन, आणि मशीनगन बनवली तर तुरुंग, असं मी इंटरनेटवर वाचलं होतं. रजिस्टरात नाव, पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू, आणि पासपोर्ट अजून भारताचा. घरी येईपर्यंत मी गाडी अशी चालवली, जणू मागच्या सीटवर पोलीस बसलाय. बायकोला सांगितलं तर तिने विचारलं, "आपल्याला परत पाठवतील का रे?" मी तिच्यावरच खेकसलो.

गॅरेजचं दार लावून रायफल सोडवली. एक गोळी सुटली की आतला घोडा मागे जातो आणि एक छोटा आकडा त्याला धरून ठेवतो, पुन्हा ट्रिगर ओढेपर्यंत. तो आकडा हलतच नव्हता. बॅटरी मारून बघितलं तर त्याच्या खाचेत एक लाल तांदूळ, तेलाकुंकवात घट्ट बसलेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. तांदूळ चिमटीत धरून स्वयंपाकघरात गेलो. "हे बघ तुझं पुण्य! यापायी मी तुरुंगात जाईन, कळतंय का तुला?" आणखीही बरंच बोललो. आईच्या हातातली पोळी तव्यावर करपली. ती एवढंच म्हणाली, "उघडी ठेवलेली होती रे, म्हणून पडला असेल."

पुढच्या रविवारी आई माझ्याआधी गाडीत बसली होती. ये म्हटलं नव्हतं, पण नको म्हणायची हिंमतही नव्हती. रेंजवर कानांवर आवाज अडवणारे मफ लावून ती मागच्या बाकावर बसली. मी दोनच गोळ्या भरल्या. ट्रिगर ओढला. एक. थांबलो. पुन्हा ओढला. एक. असं पाच वेळा करून दाखवलं.

म्हाताऱ्याने रजिस्टर उघडलं. "कारण?"

आता याला काय सांगू? बंदुकीची पूजा केली? दहशतवादाच्या धास्तीच्या त्या वर्षांत, माझ्यासारख्या रंगाच्या माणसाने, बंदूक आणि देव एका वाक्यात घ्यायचे? "कचरा होता," मी म्हटलं.

"कसला? कुठून आला?"

"माहीत नाही."

त्याने पेन टेकवलं नाही. तेवढ्यात आई उठून आली. इंग्रजी तिला मोडकंतोडकं यायचं, पण आमचं बोलणं तिला बरोबर कळलं होतं.

"राइस," ती म्हणाली. "आय पुट. प्रेयर. माय मिस्टेक. माय सन नॉट नो."

म्हाताऱ्याने टोपी काढली. सावकाश सगळं लिहिलं आणि रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. आईने चष्मा लावून खाली मराठीत सही केली.

उघडी मी ठेवली होती. नीट न पुसता मीच जोडली होती. एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि मला इंग्रजी येत होतं. मी रायफल पेटीत भरत राहिलो.

गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "आता तुझ्यावर काही येणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.