साठावरचा काटा

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद त्याच्यातून चाकांकडे जाते. माणसं जन्मभर गाडी हाकतात आणि या गोळ्याची त्यांना गंधवार्ता नसते. मास्तरांनी मात्र बेचाळीस वर्षं या एका गोळ्यापुढे मांडी ठोकून काढली. इंजिनाला ते हात लावत नसत. कुणी लाडीगोडीनं म्हणालंच, "मास्तर, आलोच आहे तर कार्बोरेटरही बघा की," तर ते हातातल्या पान्यानं समोरचं गॅरेज दाखवत. "तिकडे जा. ते सगळं करतात. मला एकच येतं."

ते एक असं येत होतं की जुन्या गाड्यांचे शौकीन दोन-दोनशे किलोमीटरवरून गाड्या घेऊन येत. गोळ्याच्या आत दोन चक्रं असतात, मोठं क्राउन आणि छोटं पिनियन. मास्तर क्राउनच्या दात्यांना निळा रंग लावत, हातानं चक्र फिरवत आणि रंग कुठे घासला गेलाय ते भिंगातून बघत. घासल्याची खूण दात्याच्या बरोबर मध्यावर यायला हवी. केसभर इकडे-तिकडे झाली की सगळं पुन्हा खोलायचं, कागदासारखी पातळ चकती घालायची नाहीतर काढायची, पुन्हा रंग, पुन्हा भिंग. एका गाडीला त्यांनी हे सतरा वेळा केलं होतं. मालक वैतागून म्हणाला, "मास्तर, एवढ्यानं काय बिघडतंय?" मास्तर म्हणाले, "तुमचं काही नाही बिघडत. माझी झोप बिघडते." अशा माणसाच्या हातून चूक झाली तर ती त्याला किती खोल रुतत असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

लग्न त्यांनी केलं नाही. कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत ते राहत, आणि स्वतःचं म्हणावं असं माणूस एकच, धाकटी बहीण. ती चार गल्ल्या पलीकडे मुलाबरोबर राहायची. रविवारचं दुपारचं जेवण तिच्याकडे, हे बावीस वर्षं चुकलं नव्हतं. बहीण डावा पाय ओढत चालायची, पण भावाला वाढायला स्वतः उठायची. पाहुणा कुणी असला तर त्याला हमखास सांगायची, "हे गेले तेव्हा दादा नसता ना, तर आम्ही मायलेक उघड्यावर पडलो असतो." अशा वेळी मास्तर ताटात मान घालून जेवत. लोकांना तो विनय वाटे. विनय कसला आलाय!

एका सोमवारी भाच्यानं ट्रकवर चढवून एक गाडी आणली. फिकट हिरवी, गोल दिव्यांची, जुन्या घडणीची. मास्तरांनी ती लांबूनच ओळखली. ती त्याच्या वडिलांची, म्हणजे मास्तरांच्या मेहुण्यांची गाडी. बावीस वर्षांपूर्वी पुलाच्या वळणावर ती कठड्यावर आदळली होती. मेहुणे जागच्या जागी गेले. शेजारी बसलेल्या बहिणीचा पाय तीन ठिकाणी मोडला. भाचा तेव्हा चार वर्षांचा, आजीजवळ घरी होता. तेव्हापासून गाडी परसात ताडपत्रीखाली पडून होती. आता भाचा एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा, आणि चार वर्षांच्या सुट्ट्या खर्ची घालून त्यानं गाडीचा पुढचा सगळा भाग नव्यानं उभा केला होता. मागचा एक्सल तेवढा राहिला होता. तो दुसऱ्या कुणाकडे नेला असता तर मामाचा अपमान झाला असता.

"मामा, आतली क्राउन-पिनियनची जोडी तुम्हीच बसवलेली ना?" भाच्यानं विचारलं.

"हो."

"आता ही नवी घाला. बरोबर हा नवा गाभाही आणलाय, एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं तर दुसऱ्याला जोर देतो. आणि एक विचारायचं होतं. जोडी बदलली की वेगाचा काटा चुकतो म्हणे. पुस्तकात वाचलं. केबलच्या टोकाचं छोटं चक्रही बदलावं लागतं. तुम्ही तेव्हा बदललं होतंत ना?"

मास्तर रंगाच्या डबीचं झाकण उघडत होते. ते उघडायला त्यांना बराच वेळ लागला. "बदलायचं असतं," ते म्हणाले. हे खोटंही नव्हतं आणि उत्तरही नव्हतं. वेळ मारून नेली, एवढंच.

भाच्यानं गाडीच्या टपावरून हात फिरवला. "तसं बाबांना काट्याचं काय होतं म्हणा. हाणतच होते ते. पंचनाम्यात सरळ लिहिलंय, भरधाव म्हणून. आई अजून घोकत असते, काटा साठावर होता, मी बघितला. साठाच्या वेगात गाडीचा असा चुराडा होतो होय? पण मी आता वाद घालत नाही. नवऱ्याची बाजू घेते बिचारी."

तो गेला. मास्तर स्टुलावर बसून राहिले. कारण बहीण नवऱ्याची बाजू घेत नव्हती. काटा साठावरच होता, आणि हे जगात फक्त मास्तरांना ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. ती गाडी मुळात फार ओरडायची. चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडच्या दांड्याला पाचाहून जास्त फेऱ्या माराव्या लागत. मेहुणे मोठे गमतीदार. म्हणाले, "दादा, हिला जरा लांब टांगा टाकायला शिकवा." मास्तरांनी जोडी बदलली. आता चारांहून कमी फेऱ्यांत काम भागू लागलं, गाडी त्याच आवाजात कितीतरी पुढे जाऊ लागली. पण वेगाच्या काट्याची केबल निघते ती पुढून, गिअरबॉक्समधून. मागं काय बदललं याचा तिला पत्ताच नसतो. ती जुन्याच हिशेबानं चालते. काटा साठ दाखवी तेव्हा गाडी खरी ऐंशीच्या आसपास असे. त्यावर उपाय एक छोटं चक्र. ते बाहेरगावाहून मागवलं होतं आणि अजून आलं नव्हतं.

अशा वेळी मास्तरांचा एक नियम असे. चक्र येईपर्यंत केबल काढून ठेवायची. मेलेला काटा कुणाला फसवत नाही. हा नियम त्यांनी कधी कुणासाठी मोडला नव्हता, आणि त्या गाडीचीही केबल त्यांनी काढलीच होती. शुक्रवारी मेहुणे गाडी न्यायला आले, बरोबर बहीण. मेहुण्यांनी गल्लीत एक फेरी मारली, काटा हलत नाही हे पाहिलं आणि ते म्हणाले, "दादा, असं कसं? हिनं मला शपथ घातलीय, साठाच्या वर जायचं नाही. काटाच नसला तर ही मला पहिल्या कोपऱ्यावर उतरवील." बहीण खळखळून हसली. तिला इतकं खुशीत मास्तरांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. ते निमूटपणे गाडीखाली सरकले आणि केबल जोडली. दोन आट्यांचं काम. बाहेर आलो की सांगू, काट्यानं पंचेचाळीस दाखवले की साठ समजा, असं मनाशी म्हणत ते बाहेर आले. तोवर बहिणीनं थर्मासातला चहा ओतला होता, मुलाच्या बालवाडीतल्या पहिल्या दिवसाची गोष्ट निघाली होती. चहा संपला, हॉर्न वाजला, गाडी गेली. संध्याकाळी हात धुताना मास्तरांना आठवलं. फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जावं लागणार. पाय दुखत होते. रविवारी येतीलच, तेव्हा सांगू, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी ती दोघं एका मित्राला भेटायला निघाली.

अपघाताच्या आठव्या दिवशी पोस्टानं चक्राचं पाकीट आलं. मास्तरांनी ते फोडलं, बघितलं आणि भंगारात टाकलं. मग ते सगळं सांगून टाकायचं ठरवून दवाखान्यात गेले. बहिणीचा पाय वर टांगलेला. तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "दादा, मी काट्यावर नजर ठेवून होते रे. साठाच्या वर गेलाच नाही. सासूबाई म्हणतात, तूच घाई केली असशील आणि आता काट्याच्या नावावर ढकलतेस. तू तरी विश्वास ठेव." मास्तर म्हणाले, "ठेवतो." त्यानंतर त्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. त्यांनी तिच्या घराचं छप्पर शाकारलं, भाच्याला सायकल शिकवली, आजारपणं काढली. हे सगळं मनापासून केलं, आणि प्रत्येक वेळी दोन शब्द सांगायचे राहिले. भित्रेपणाच तो. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

त्या आठवड्यात नवी जोडी काही केल्या बसेना. निळ्या रंगातली खूण मध्यावर येईना. मास्तरांनी नऊ वेळा खोललं, नऊ वेळा जोडलं. शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की चकती काढायची तिथं आपण घालत चाललोय. शिकाऊ असतानाही त्यांनी ही चूक कधी केली नव्हती. त्यांनी भिंग खाली ठेवलं. भाचा गाडी रस्त्यावर काढील, मोबाईलवर वेग बघेल, काट्याशी ताडून पाहील, आणि केबलच्या टोकाशी जुनंच चक्र आहे हे त्याला दोन मिनिटांत कळेल. त्याच्या तोंडून बहिणीला कळण्याआधी आपण सांगायला हवं. सांगितलं की बहीण कायमची दुरावणार, हेही त्यांना स्पष्ट दिसत होतं. तिच्याशिवाय त्यांना कुणी नव्हतं.

रविवारी ते गेले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "हात धुऊन घे दादा, पानं वाढलीत."

"आधी तू बस."

"का रे? बरं नाही का?"

"बस म्हणतो ना."

ती बसली. मास्तरांनी उभ्यानंच सांगितलं. गिऱ्हाइकाला समजावतात तसं चक्र, केबल, फेऱ्या असं सगळं सांगत गेले, कारण दुसरी कुठली भाषा त्यांना येत नव्हती. चहाचं सांगितलं. दुखणाऱ्या पायांचंही सांगितलं.

"म्हणजे मी बघितलं ते साठच होतं?" तिनं शेवटी विचारलं.

"साठच."

"आणि गाडी?"

"ऐंशीला टेकली होती."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "पहिली काही वर्षं मला खात्री होती," ती म्हणाली. "मग वाटायला लागलं, आपण चुकीचं वाचलं असेल. आता आता तर वाटायचं, मी बघितलंच नव्हतं, घोकून घोकून तसं वाटतंय. ह्यांनी शपथ मोडली आणि मी त्यांना पाठीशी घालतेय." तिनं मान वर केली. "दवाखान्यात मी तुला म्हटलं होतं, विश्वास ठेव."

"हो."

"तू ठेवतो म्हणालास."

"हो."

"तुला विश्वास कशाला ठेवायला हवा होता रे? तुला तर माहीतच होतं."

बहिणीनं मुलाला हाक मारली. तो आतून आला तेव्हा ती म्हणाली, "ह्याला सांग. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस." मास्तरांनी दुसऱ्यांदा सांगितलं. ते पहिल्यापेक्षा अवघड गेलं, कारण भाच्याला यंत्रातलं कळत होतं आणि तिसऱ्या वाक्यालाच त्याचा चेहरा उतरला.

"सासूबाई जाईपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत," बहीण म्हणाली. "त्यांना आता कोण सांगणार?"

ती उठली, मास्तरांचं वाढलेलं पान उचलून आत नेलं आणि आतूनच म्हणाली, "तू आता जा, दादा. बोलवायचं असेल तेव्हा मी कळवीन. तोवर येऊ नकोस." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

भाचा फाटकापर्यंत आला. मास्तरांना वाटलं, तो आता गाडीचं काहीतरी विचारील. त्यानं फाटक उघडून धरलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "मामा, दहावीत असताना मी आईला खोटारडी म्हणालो होतो. तोंडावर. ती रडायला लागली होती."

मास्तर फाटकाबाहेर आले.

"तुम्ही तिथंच होतात. जेवत होतात."

मास्तरांना तो रविवार आठवत होता. बहिणीनं डोळे पुसून त्यांना आणखी वाढलं होतं, आणि त्यांनी ते घेतलं होतं. भाच्यानं आतून कडी लावली आणि तो भराभर चालत घरात, आईकडे गेला.