प्लग काढल्यावर लागलेला दिवा

कॉन्व्हेंटात शिकलेली मी कॉलेजात गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा तिथल्या इंगळे सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुम्हाला हे समजलंय, की इंग्रजीत पाठ झालंय?" दुसऱ्या दिवसापासून सर मला तासाआधी तोच धडा मराठीत समजावून देऊ लागले. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा माझे तासही त्यांनीच घेतले, आणि कधी बोलून दाखवलं नाही.

एखाद्या संख्येचा शोध कधीतरी संपेल की अनंतकाळ चालेल, हे दर वेळी आधीच सांगणं कुठल्याही ट्युरिंग यंत्राला, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला, शक्य नाही. सर हे वर्गात शिकवत आणि घरी त्यापलीकडचं यंत्र बांधत. दोन आरसे एकमेकांकडे सरकायचे. त्यांच्यामधल्या उजेडाची प्रत्येक फेरी म्हणजे शोधाची एक पायरी, आणि ती आधीच्या फेरीच्या निम्म्या वेळात. अनंत फेऱ्या मिनिटभरात उरकाव्यात आणि शोध संपणारा असेल तर हिरवा दिवा लागावा, ही कल्पना. सांगाडा शिरोलीतल्या फौंड्रीचे मालक बापूसाहेब यांनी ओतून दिला होता.

एका विशिष्ट प्रकारची संख्या अस्तित्वातच नाही, या अनुमानावर सरांनी हयात वेचली. पुस्तक छपाईला गेलं होतं. यंत्राला त्यांनी तीच संख्या शोधायला लावली. दिवा लागला तर अनुमान खोटं. तो कधी लागला नव्हता.

खंडेनवमीला यंत्रांना विश्रांती. पूजेला आलेल्या बापूसाहेबांना सरांनी प्लग काढायला सांगितला, मी झेंडूचा हार घातला, निरांजन लावलं. आणि हिरवा दिवा लागला.

"सर, वायर काढल्याली हाय न्हवं?"

"तुमच्याच हातात आहे, बापूसाहेब."

त्यांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं. "ह्यो सणाचीबी सुट्टी घेत न्हाय की," ते म्हणाले. हसलं कुणीच नाही. निरांजन विझेपर्यंत हिरवा दिवा जळत होता.

सरांनी पुस्तक मागे घेतलं.

"यानं काहीच सिद्ध होत नाही, सर," मी म्हणाले.

"नाही होत. पण मला शंका आली, बाई. ती लपवून कसं छापू?"

तेव्हापासून सर रोज दुपारी साध्या कॉम्प्युटरवर ती संख्या शोधतात, एकेक आकडा तपासत. ती नसेल तर हा शोध कधीच संपणार नाही. असेल, तर ती किती दूर आहे हे त्या दिव्यानं सांगितलेलं नाही. कधी कधी मी शेजारी बसते. पडद्यावर आकडे वाढत राहतात, आणि दोघांचीही नजर नकळत कोपऱ्यातल्या आरशांकडे जाते.

आज सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची दृष्टी शाबूत राहो, हात थरथरू नयेत. ती संख्या असलीच, तर सरांचं आयुष्य तिच्याहून मोठं असो.