मोघेकाकांचे गोरिला

मोघेकाकांची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली आणि एका शिंकेत संपली. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या त्या ब्लॉकमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी शिंकले आणि सवयीने "आई गं" म्हणाले. शेजारच्या गृहस्थांनी ताबडतोब पुढच्या मजल्याचं बटण दाबलं, बाहेर पडले आणि दार मिटता मिटता स्वच्छ मराठीत म्हणाले, "राग मानू नका हं, मला पुढच्या वर्षी गोरिलांकडे जायचंय."

वेडा दिसतोय, असं मी घरी येऊन नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. मत पुढेही फारसं बदललं नाही, पण त्या वेडाचं शास्त्र कळलं. युगांडात ब्विंडीच्या जंगलात रेंजर लोक गोरिला दाखवायला नेतात. सर्दी झालेल्या माणसाला मात्र नेत नाहीत, कारण आपली सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून काकांनी वर्षभर आधीपासून सर्दी वर्ज्य केली होती. गणपतीच्या आरतीत कुणी खोकलं की हे टाळ घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये.

काका इथल्या एका कंपनीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. डॉक्टर गुडघे बदला म्हणत होते आणि काकांनी त्यांच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. "नवे गुडघे मला बसस्टॉपपर्यंत चालवतील, डोंगर नाही चढवणार," ते म्हणत. "जे काय बघायचं ते गुडघे बदलायच्या आत." माकडंच बघायची तर इथे टेकडीवर काय कमी आहेत, असं मी एकदा बोलून गेले. काका दुखावले. "ती पिशव्या ओढणारी. हे मोठ्या घरचे लोक आहेत, वृंदा." आणि कसं कोण जाणे, महिनाभरात आम्हा दोघांचीही तिकिटं त्यांच्याबरोबर निघाली.

मग दर रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत तालीम. गोरिलापासून दहा मीटर लांब राहायचं, बोट दाखवायचं नाही, खायचं नाही, टक लावून बघायचं नाही. सरावाला गोरिला हवा म्हणून काकांनी झाडाखाली रोज ताई-ची करणारे एक धिप्पाड चिनी अंकल निवडले. काका-काकू आणि आम्ही दोघं असे चौघं झुडपाआड उकिडवे बसून त्यांना चोरून बघायचो. तिसऱ्या रविवारी अंकलच आमच्याकडे चालत आले. "You all okay or not? Need toilet, that side lah." काकांनी आम्हाला खुणेनेच मान खाली घालायला लावली.

"मला बघायला आले होते, तेव्हा पोह्यांची बशी सोडून वर बघितलं नव्हतं ह्यांनी," काकू एवढंच म्हणाल्या.

शेवटी गेलो. आणि घोटाळा झाला तो गोरिला बघायला निघायच्या पहाटे. डोंगरातलं लॉज, बाहेर कडाक्याची थंडी, नळाला बर्फासारखं पाणी. काकांनी त्या पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली. का, तर दर्शनाला पारोशानं कसं जायचं? वर्षभर माणसाने शिंक जवळ येऊ दिली नाही आणि आयत्या वेळी हे सोवळं. नाश्त्याला बसलो तेव्हा काकांचं नाक वाहत होतं.

"ॲलर्जी आहे म्हणू या," नितीन कुजबुजला. "नाहीतरी सगळ्यांना मास्क लावायचाय." काकूंनी स्वतःचा रुमाल काकांच्या खिशात घातला. मला मनापासून वाटत होतं, काकांनी गप्प बसावं. एवढा खोटेपणा देवसुद्धा चालवून घेतो.

रेंजरने विचारलं, कुणाला सर्दी-खोकला? काका उभे राहिले. शाळेत हजेरीला राहतात तसे. "मला आहे," ते इंग्रजीत म्हणाले आणि आमच्याकडे वळून मराठीत, "त्यांच्या घरी बाळं आहेत. तुम्ही निघा." काकू त्यांच्याजवळ थांबल्या. मला काकांचा इतका राग आला की निघताना मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

चिखल, काटे, चढ, आणि मग ते दिसले. मोठा नर जेवून आडवा झालेल्या मामासारखा पोट खाजवत पडला होता. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. तासभर मी रडत होते. मास्कमुळे कुणाला कळलं नाही.

खाली पत्र्याच्या शेडमध्ये काका बाकावर बसले होते. "काय बघितलं?"

"विशेष काही नाही, काका. झाडीच फार होती."

"ऑफिसात बोलतेस तेवढं खोटं पुरे. नीट सांग."

मी सॅक खाली ठेवली आणि सगळ्या रेंजर लोकांसमोर त्या चिखलात हातापायांवर ओणवी झाले. मुठींवर भार टाकून चालले. एका मोठ्या बँकेत व्हाइस प्रेसिडेंट असलेला माझा नवरा क्षणभर बघत राहिला, मग पिल्लू होऊन माझ्या पाठीवर चढला आणि घसरला. पुन्हा चढला. मी त्याला खाली ओढलं, त्याच्या डोक्यातल्या उवा वेचल्या, पाला तोंडाजवळ नेला. काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या. रेंजर हसत होते.

काका हसत नव्हते. नाक पुसायचंही विसरून ते डोळे मोठे करून बघत होते. दमून मी थांबले.

"अजून थोडं," काका म्हणाले.

मी नितीनला पुन्हा पाठीवर घेतलं.